मुक्काम, वतन आणि जामीन : फिरत्या माणसाच्या पत्त्याचा इतिहास

१

महाराष्ट्रातील खेड्यात जाणाऱ्या टपालावर गावाच्या नावाआधी ‘मु. पो.’ अशी अक्षरे लिहिण्याची चाल आहे. यांतील ‘पो.’ म्हणजे पोस्ट. हे इंग्रजी अमदानीचे देणे होय. ‘मु.’ म्हणजे मुक्काम. हा शब्द त्याहून बराच जुना आहे आणि त्याच्या मूळ अर्थाकडे पाहू गेल्यास तो स्थिर पत्त्याच्या जवळजवळ उलट आहे. मुक्काम म्हणजे प्रवासातील थांबा. ज्याला उद्या कूच करावयाचे आहे तो आज मुक्काम करतो. ज्याचे घर गावातच आहे तो मुक्काम करीत नाही, तो राहतो. असे असता पिढ्यान् पिढ्या एकाच घरात नांदणाऱ्या कुटुंबाच्या पत्त्याचा आरंभ वाटसरूच्या शब्दाने व्हावा, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

हा केवळ शब्दार्थाचा प्रश्न नाही. माणूस सतत फिरता असेल तर त्याला पत्र कसे पोहोचवावे, आणि दिवाणी वा फौजदारी कारणासाठी तो कोठला समजावा, हे दोन प्रश्न प्रत्येक राज्यसंस्थेपुढे असतात. पहिला टपालाचा, दुसरा न्यायाचा. आजच्या व्यवहारात या दोहोंचे उत्तर एकच समजले जाते, ते म्हणजे घराचा पत्ता. मराठेशाहीत ही उत्तरे एक नव्हती. पत्रासाठी मुक्काम होता, हक्कासाठी वतन होते, आणि ज्याला वतन नव्हते त्याच्यासाठी जामीन होता. ही तीन उत्तरे एकमेकांपासून वेगळी होती तोवर फिरता माणूस आपोआप संशयास्पद ठरत नव्हता. एकोणिसाव्या शतकात ती एकत्र आली आणि घर नसणे हाच एक दोष ठरू लागला. या स्थित्यंतराचा मागोवा घेतल्यास भटक्या व विमुक्त जमातींच्या आजच्या एका अडचणीचे मूळही स्पष्ट होते.

२

अठराव्या शतकातील मराठी सत्तेचा बराचसा कारभार चालत्या लष्करातून होत असे. दसरा झाला की स्वाऱ्या बाहेर पडत, मजल दरमजल करीत मुलूखगिरीवर जात, आणि पाऊस लागण्याच्या सुमारास परत फिरत किंवा परमुलखातच छावणी करून राहत. पेशवे, सरदार, कारकून, सावकार, वकील असा सारा व्यवहार अशा वेळी डेऱ्यांतून चाले. तेव्हा पत्रव्यवहाराची रीत फिरत्या माणसाला सोईची असणे क्रमप्राप्तच होते.

या काळातील पत्रांची घडण त्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. पत्राचा आरंभ मायन्याने होई. मायन्यात ज्याला पत्र लिहावयाचे त्याचे नाव, त्याच्या मानाप्रमाणे योजलेली विशेषणे आणि लिहिणाऱ्याशी त्याचे नाते एवढे येई. त्याचे ठिकाण त्यात सामान्यतः नसे. ठिकाण येई ते लिहिणाऱ्याचे : अमुक तारखेस अमुक मुक्कामी आहो, पुढे अमुक दिशेने जात आहो. म्हणजे पत्र माणसाला लिहिले जाई, जागेला नव्हे. आणि उत्तर कोठे पाठवावे याची सूचना पत्राच्या पोटातच असे. पत्र हाती आल्यावर घेणारा त्यावर पैवस्तीची, म्हणजे पोहोचल्याची, तारीख नोंदवी. लिहिल्याची आणि पोहोचल्याची अशा दोन तारखांवरून वाटेत किती दिवस गेले याचा अंदाज दोन्ही बाजूंस येई आणि पुढचे पत्र कोठे गाठ घालील याचा अदमास बांधता येई.

या पत्रांत ‘छ’ या संक्षेपाने चांद्रमासाची तिथी दिलेली असते, परंतु वर्षाचा उल्लेख पुष्कळदा नसतो. त्यामुळे इतिहाससंशोधकाला मुक्कामाचाच आधार घ्यावा लागतो. अमुक महिन्यात स्वारी अमुक ठिकाणी कोणत्या साली होती हे रोजनिशीवरून ठरवावयाचे आणि त्यावरून पत्राचे वर्ष निश्चित करावयाचे, ही पद्धत मराठी कागदपत्रांच्या संपादकांना चांगली परिचित आहे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली प्रसिद्ध केलेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेच्या पहिल्या खंडापासून, गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात संपादिलेल्या पेशवे दप्तराच्या ४५ खंडांपर्यंत कालनिर्णयाच्या या कामात मुक्कामाचा उपयोग झालेला आहे. पत्रलेखकाने उत्तरासाठी दिलेली खूण अशा रीतीने दीडशे वर्षांनंतर इतिहासाची खूण झाली.

पत्रे नेण्याचे काम जासूद, कासीद व हरकारे यांच्याकडे असे. महत्त्वाच्या कामी जासुदांची जोडी धाडीत. एक वाटेत अडला तर दुसरा पोहोचावा, हा त्यातील उघड हेतू. मजुरी ठरवून घेतलेल्या कासिदास अजुरदार कासीद म्हणत. या माणसांना गावाचे नाव सांगून भागत नसे. फौज कोणाची आणि ती कोणत्या रोखाने चालली आहे हे सांगावे लागे. मोठी फौज लपून राहत नाही. तिचा माग घाटावर, नदीच्या उतारावर, दाणावैरणीच्या बाजारात विचारीत विचारीत लागे.

फौजेशी गाठ पडल्यावर तिच्यात विशिष्ट माणूस शोधणे हा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर तळाच्या रचनेत होते. दौलतराव शिंद्यांच्या लष्कराबरोबर १८०९ साली राहिलेल्या टॉमस ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याची पत्रे १८१३ साली लंडनमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांवरून असे दिसते की, मुक्कामाची जागा नवी असली तरी तळाची मांडणी जुनीच असे. बिनीवाला आधी पुढे जाऊन शिंद्यांच्या डेऱ्याच्या जागी निशाण रोवी. त्याच्या अनुरोधाने निरनिराळ्या बाजारांची निशाणे लागत आणि दुकानांच्या रांगांतून मुख्य रस्ता तयार होई. हे नगर आज एका माळावर, तर चार दिवसांनी दुसऱ्या माळावर असे. परंतु त्याच्या पोटातले पत्ते बदलत नसत. अमुकाचा गोट अमुक बाजारामागे, एवढे ज्याला ठाऊक त्याला तो माणूस राजपुतान्यात असो की माळव्यात, सापडावयाचाच. पुढे १८१० च्या सुमारास दौलतरावांनी ग्वाल्हेरजवळ कायमचा तळ दिला आणि त्या तळाचेच शहर झाले. त्याचे नाव आजही लष्कर असेच आहे.

या व्यवस्थेची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. ती सर्वस्वी वाट मोकळी असण्यावर अवलंबून होती. १७६० च्या नोव्हेंबरपासून सदाशिवरावभाऊंची फौज पानिपतावर अडकून पडली. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि फौजेचा बाहेरच्या जगाशी असलेला संबंध जवळजवळ तुटला. १४ जानेवारी १७६१ च्या लढाईची वार्ता उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना माळव्यात भेलशाच्या बाजूस प्रथम कळली ती सरकारी जासुदाकडून नव्हे. दक्षिणेत जाणाऱ्या सावकारी कासिदाजवळच्या पत्रातून ती कळली. ही घटना तिच्या करुण आशयामुळे सर्वश्रुत आहे. परंतु टपालाच्या दृष्टीने तिच्यात आणखी एक अर्थ आहे. सावकाराची पेढी एका जागी असते. लष्कराचा ठावठिकाणा कोणालाच नक्की सांगता येत नव्हता त्या दिवसांत पेढीचा पत्ता मात्र होता तेथेच होता. फिरत्या सत्तेलाही संकटकाळी स्थिर पत्त्याचा आधार लागला, हे यावरून दिसते.

३

पत्र मुक्कामावर जाई. हक्क मात्र मुक्कामावर नसे. तो वतनावर असे. पाटीलकी, कुळकर्ण, देशमुखी, बलुत्याची वतने यांच्यामुळे माणूस एका विशिष्ट गावाशी वंशपरंपरेने बांधला जाई, आणि निवाड्याच्या कागदात तो त्या गावाच्या नावानेच ओळखला जाई. कसणाऱ्यांतही हाच भेद होता. ज्याची जमीन मिरासीची तो मिरासदार, गावचा. जो बाहेरून येऊन मुदतीने जमीन करी तो उपरी. उपरी दहा वर्षे गावात नांदला तरी उपरीच राही, आणि मिरासदार दहा वर्षे गावाबाहेर असला तरी गावचाच राही. देह कोठे आहे हा प्रश्न येथे गौण होता.

याचे ठळक उदाहरण सरदार घराण्यांचे आहे. शिंदे साताऱ्याकडील कण्हेरखेडचे पाटील. महादजींच्या आयुष्याचा मोठा भाग नर्मदेच्या उत्तरेस गेला. १७८४ साली बादशहाने पेशव्यांना वकील-इ-मुतलक केले आणि त्या पदाचा कारभार महादजींच्या हाती आला. दिल्लीच्या राजकारणाची सूत्रे हाती असलेला हा सरदार स्वतःस पाटील म्हणवून घेण्यात भूषण मानी. याचे वर्णन सामान्यतः विनयाचे किंवा मुत्सद्देगिरीचे लक्षण म्हणून केले जाते. त्यात तथ्य असेल. पण त्यात रोकडा व्यवहारही आहे. सरंजाम हा चाकरीसाठी दिलेला, धन्याच्या मर्जीने फिरणारा. पाटीलकी ही वंशाची. उज्जैन, मथुरा, दिल्ली हे मुक्काम होते, कण्हेरखेड हा पत्ता होता. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी महादजींचा अंत झाला तोही पुण्याजवळ वानवडीच्या तळावर, म्हणजे मुक्कामावरच.

वतनाची ही पकड किती चिवट होती हे परागंदा झालेल्या वतनदारांच्या कज्जांवरून कळते. दुष्काळ, दंगा किंवा वसुलीचा जाच यांमुळे कुटुंब देशोधडीस लागे. त्याची जमीन दुसरा कोणी करी. आणि पुष्कळ वर्षांनी मूळ वतनदाराचा मुलगा वा नातू गावी येऊन आपले वतन मागे. अशा वेळी गोत जमे, शेजारच्या गावचे वतनदार व बलुतेदार साक्षी देत आणि महजर होई. हा माणूस अमुकाचा नातू, याच्या आज्याचे घर अमुक आळीत होते, एवढे गोताने सांगितले की मधल्या वर्षांतील गैरहजेरी हक्काला बाधक ठरत नसे. इंग्रज अंमलाच्या आरंभी मिरासीची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनाही दीर्घ गैरहजेरीनंतर टिकणारा हा हक्क विशेष वाटला होता. गावची स्मृती हीच गावची नोंदवही होती आणि तिच्यात अनुपस्थित माणसाचेही पान राखलेले असे.

४

परंतु वतन सर्वांना नव्हते. ज्यांना कोठेच वतन नव्हते अशा लोकांचे काय होई, हा प्रश्न वतनसंस्थेच्या गौरवात झाकून जाण्याचा संभव आहे.

लमाण किंवा बंजारा यांचे उदाहरण घ्यावे. बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून मुलखातून फिरणारे त्यांचे तांडे हे फौजांच्या पुरवठ्याचे मुख्य साधन होते. मोगलांना, मराठ्यांना आणि १८०३ च्या लढायांत आर्थर वेलस्लीलाही त्यांच्यावाचून चालले नाही. त्यांचे घर म्हणजे तांडा, आणि तांड्याची ओळख गावावरून नव्हे तर नाईकाच्या नावावरून होई. वाटेतील चौक्यांवर दाखविण्यासाठी राहदारीचे परवाने व दस्तके असत. परवान्यात माणूस कोठला याहून तो कोणाचा, किती बैल व कोणता माल घेऊन कोठून कोठे जातो, या गोष्टींना महत्त्व होते. कौल, परवाना किंवा येणे-देणे, कोणताही व्यवहार नाईकामार्फत होई. नाईक हाच तांड्याचा पत्ता होता.

कज्जाखटल्याच्या कामी हीच गोष्ट जामिनाच्या रूपाने दिसते. वादी-प्रतिवादींकडून जामीन घेणे हा निवाड्याचा नेहमीचा भाग होता. बोलाविल्या वेळी मनुष्य हजर करण्याची हमी देणारा तो हाजीरजामीन. वर्तणुकीची हमी देणारा तो फैलजामीन. ज्याचे घरदार ठाऊक नाही त्याच्याबद्दल सरकार असे विचारीत नसे की, तू राहतोस कोठे; ते विचारीत असे की, तुझ्यासाठी उभा कोण राहतो. स्थिर माणसाने फिरत्या माणसाचे उत्तरदायित्व घ्यावयाचे, आणि त्या नात्याच्या बळावर फिरत्याने फिरत राहावयाचे, अशी ही योजना होती.

या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. जामीन मिळणे हे नात्यावर, जातीवर आणि पैशावर अवलंबून असे. रामोशी, भिल्ल, बेरड यांच्यावर संशय घेण्याची आणि त्यांना कठोर शिक्षा देण्याची उदाहरणे पेशवाईतही आहेत. गावकुसाबाहेरच्या माणसाला गोतात बोलण्याचा अधिकार नव्हता. तथापि एक भेद राहतोच. त्या काळच्या राज्याने एखाद्या फिरत्या माणसाला चोर मानले तर ते त्याच्या कृत्यामुळे, किंवा त्याच्या टोळीबद्दलच्या समजामुळे. केवळ त्याचे घर कोठे नाही, या कारणाने नव्हे. कारण घर नसलेला मनुष्य ओळखण्याचे अन्य साधन त्या राज्यापाशी होते.

५

१८१८ नंतर हे चित्र हळूहळू पालटले. पालट प्रथम टपालात दिसतो. १८३७ च्या कायद्याने टपाल ही सरकारी मक्तेदारी झाली आणि ती खाजगी माणसांनाही खुली झाली. १८५४ साली सर्व हिंदुस्थानासाठी तिकिटे निघाली आणि अंतरावर अवलंबून असलेली आकारणी जाऊन वजनावर आली. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्रास अर्धा आणा पडू लागला, मग ते पुण्याहून साताऱ्यास जावो की कलकत्त्यास. सामान्य माणसाच्या दृष्टीने ही मोठीच क्रांती होती. परंतु तिची एक अट होती. कासीद माणसाच्या मागे जात असे. टपालवाला दाराशी येतो. लखोट्यावर आता घेणाऱ्याचे ठिकाण लिहिणे अपरिहार्य झाले, आणि तेथेच जुन्या ‘मुक्काम’ शब्दाची जागा बदलली. पूर्वी तो लिहिणाऱ्याचा आजचा थांबा दाखवी. आता तो घेणाऱ्याच्या कायम वस्तीचे गाव दाखवू लागला. ज्या गावात पोस्ट नाही त्याच्यासाठी ‘मु. अमुक, पो. तमुक’, आणि जेथे आहे तेथे दोन्ही मिळून ‘मु. पो.’ असा आजचा प्रघात त्यातून पडला. वाटसरूचा शब्द घरवाल्याकडे गेला तो असा.

दिवाणी न्यायातही हेच झाले. १८५९ साली पहिली दिवाणी प्रक्रिया संहिता आली. आज चालू असलेली संहिता १९०८ ची आहे. तिच्या २० व्या कलमाप्रमाणे दावा कोठे लावावयाचा हे प्रतिवादी प्रत्यक्ष व स्वेच्छेने कोठे राहतो, धंदा करतो किंवा मेहनतीने पोट भरतो यावर, अथवा दाव्याचे कारण कोठे घडले यावर ठरते. समन्स बजावणारा बेलिफ गेला आणि प्रतिवादी सापडला नाही, तर तो सामान्यतः राहतो त्या घराच्या बाहेरच्या दारावर समन्सची प्रत चिकटवावी, असे पाचव्या आदेशातील १७ वा नियम सांगतो. नियम सोईचा आहे. परंतु प्रत्येक माणसाला एक बाहेरचे दार असते, असे त्याने गृहीत धरले आहे. पालाला दार नसते.

फौजदारी बाजूस हे गृहीत अधिक कठोर झाले. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १०९ व्या कलमाने, ज्याला उपजीविकेचे दिसते साधन नाही किंवा ज्याला स्वतःविषयी समाधानकारक खुलासा देता येत नाही, अशा माणसाकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यास दिला. जामीन न दिल्यास तुरुंग. शब्द जुनाच, जामीन. पण त्याचे कार्य उलटले. पूर्वी पत्ता नसेल तर त्याऐवजी जामीन चाले. आता आपला ठावठिकाणा पटवून देता न येणे हेच जामीन मागण्याचे कारण झाले. आणि ज्याला कोठे घर नाही, त्याला दंडाधिकाऱ्यास मान्य होईल असा जामीन मिळावयाचा कोठून?

६

या विचारसरणीचे टोक म्हणजे गुन्हेगार जमातींचे कायदे. पहिला कायदा १८७१ चा. तो आरंभी उत्तर हिंदुस्थानातील प्रांतांपुरता होता. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती मुंबई इलाख्यासह सर्व ब्रिटिश हिंदुस्थानावर आली, आणि १९२४ च्या कायद्याने हे सर्व एकत्र बांधले गेले. जमात जाहीर करावयाची, तिच्या प्रत्येक माणसाची नोंदवही ठेवावयाची आणि तिच्या हालचालींवर नियंत्रण घालावयाचे, हा त्यांचा सांगाडा होता. १८७१ च्या कायद्यात निश्चित वस्ती नसलेल्या जमातीचा स्वतंत्र विचार केलेला असून तिला सरकारने नेमलेल्या ठिकाणी वसविण्याची तरतूद आहे. पुढील कायद्यांनी नोंदलेल्या माणसावर ठरावीक वेळी हजेरी देण्याची, आपली राहण्याची जागा कळविण्याची, आणि ती बदलली किंवा बदलण्याचा विचार असला तरी तोही कळविण्याची सक्ती केली. एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्यास पास लागे.

पेशवाईतील राहदारीचा परवाना आणि हा पास यांत बाह्यतः साम्य आहे. तत्त्वतः ते परस्परविरुद्ध आहेत. राहदारीचा परवाना वाटेत कोणी अडवू नये म्हणून होता. पास नसेल तर माणसाने हलूच नये, असा या पासाचा अर्थ होता. नाईकाच्या ठिकाणी पोलिसांची नोंदवही आली, आणि जामिनाच्या ठिकाणी हजेरी. सोलापूर, विजापूर, हुबळी, गदग येथे वसाहती झाल्या. सोलापूरच्या वसाहतीतील माणसे गिरण्यांना मजूर म्हणूनही मिळाली. ज्या लोकांना सरकारदरबारी कधीच पत्ता नव्हता त्यांना तो अखेर मिळाला, पण तो तारेच्या कुंपणाच्या आतला.

याच काळात याच सरकारने दुसऱ्या एका फिरत्या वर्गासाठी काय केले, हे शेजारी ठेवून पाहिले पाहिजे. हिंदी सैन्याबरोबर फिरती टपालकचेरी पाठविण्याची प्रथा १८५६ च्या इराणवरील मोहिमेपासून सुरू झाली. पुढे दोन महायुद्धांत या क्षेत्रीय टपालकचेऱ्या परमुलखात दूरवर गेल्या. शिपायाच्या घरच्यांना तो कोणत्या रणभूमीवर आहे हे ठाऊक नसले तरी चाले; पलटण आणि टपालाचा क्रमांक लिहिला की पत्र पोहोचे. स्वतंत्र भारताच्या सैन्यातही ‘५६ ए. पी. ओ.’ हा पत्ता महाराष्ट्रातील कित्येक खेड्यांत पाठ आहे. त्यात गाव नाही, तालुका नाही. माणूस आणि त्याची तुकडी आहे. मराठी लष्करातील गोटाच्या पत्त्याचे तत्त्वच येथे पुन्हा भेटते. म्हणजे फिरत्या माणसाला पत्ता देणे आधुनिक राज्याला अशक्य होते, असे म्हणता येत नाही. कोणाला द्यावयाचा हे त्याने निवडले होते.

७

३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला. म्हणून हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. नोंदवही बंद झाली. परंतु पत्त्याचा प्रश्न नव्या रूपाने उभा राहिला, कारण आता तो नागरिकाच्या हक्काशी जोडला गेला होता.

१९५० च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाप्रमाणे मतदारयादीत नाव येण्यास मतदारसंघात ‘सामान्यतः निवासी’ असणे आवश्यक आहे. २० वे कलम या शब्दांचा विचार करते. केवळ घर मालकीचे आहे एवढ्याने मनुष्य तेथला निवासी ठरत नाही, आणि तात्पुरता बाहेर गेला एवढ्याने निवासी असण्याचे थांबत नाही. सैनिकांच्या बाबतीत कायदा आणखी पुढे जातो : सेवेत नसता तर जेथे राहिला असता तेथेच तो राहतो, असे मानावे. वतनाच्या कल्पनेतील उदारता, देह दूर असूनही माणूस गावचाच राहण्याची सोय, येथे वैधानिक भाषेत जिवंत आहे. परंतु ती त्यालाच उपयोगी पडते ज्याला मुळात परतण्याचे गाव आहे. ज्याच्या पालाचा माग बारा महिन्यांत बारा गावांवरून जातो, त्याच्यापुढे प्रश्न राहतोच. बेघर मतदाराविषयी निवडणूक आयोगाने घालून दिलेली रीत त्या मानाने अधिक मोकळी आहे. त्याच्याकडून कागदाचा पुरावा मागावयाचा नाही. मतदान केंद्राच्या अधिकाऱ्याने रात्री एकाहून अधिक वेळा त्या जागी जाऊन तो तेथे झोपतो की नाही हे पाहावयाचे. येथे दाराऐवजी डोळ्यांनी पाहिलेली साक्ष पुरी पडते. गोताची साक्ष याहून फार दूर नव्हती.

जातीच्या दाखल्याची अट मात्र अजूनही जड आहे. महाराष्ट्रात विमुक्त जाती व भटक्या जमाती यांच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ हा दिनांक आधारभूत मानला जातो. अर्जदार किंवा त्याचे पूर्वज त्या दिवशी महाराष्ट्रात कोठे कायम वास्तव्यास होते, याचा पुरावा मागितला जातो. स्थिर समाजाच्या दृष्टीने ही साधी गोष्ट आहे : शाळेचा दाखला, जन्ममृत्यूची नोंद, सातबारा. परंतु या सवलती ज्या समाजासाठी आहेत त्याचे वैशिष्ट्यच असे की, त्याला १९६१ साली कायम वास्तव्य नव्हते. भटके असल्याबद्दलच्या हक्कासाठी भटके नसल्याचा पुरावा द्यावा लागावा, ही विसंगती शब्दांची नाही. तिच्यावर शिष्यवृत्ती, वसतिगृहातील जागा आणि नोकरी अवलंबून असते. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८ साली दिलेल्या अहवालातही या समाजांपाशी ओळखीची व वास्तव्याची कागदपत्रे नसण्याचा प्रश्न आलेला आहे. कैकाडी समाजात जन्मलेल्या लक्ष्मण माने यांच्या १९८० साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनाचे नाव ‘उपरा’ आहे. मिरासदार आणि उपरी या जुन्या जोडीतला दुसरा शब्द अशा रीतीने मराठी साहित्यात परतला.

८

वरील विवेचनावरून एवढे म्हणता येईल की, पत्ता म्हणजे जागा, हे समीकरण सनातन नाही. ते टपालाच्या तिकिटाबरोबर, समन्सच्या चिकटविलेल्या प्रतीबरोबर आणि पोलिसांच्या नोंदवहीबरोबर रूढ झाले. त्यापूर्वी माणसाला शोधण्याचे आणि ओळखण्याचे मार्ग वेगवेगळे होते, व त्यांतील काही नात्यावर उभे होते. त्या मार्गांत विषमता होती. ते जसेच्या तसे परत आणणे शक्य नाही, इष्टही नाही. तथापि सैनिकाच्या बाबतीत तुकडी हा पत्ता होऊ शकतो आणि बेघर मतदाराच्या बाबतीत प्रत्यक्ष पाहणी हा पुरावा होऊ शकतो, तर पालावरच्या कुटुंबाच्या बाबतीत शेजारच्या गावांची साक्ष अग्राह्य का मानावी, या प्रश्नाला सोईखेरीज दुसरे उत्तर सापडत नाही.

इतिहासाच्या अभ्यासकाला या प्रश्नात आणखी एक काम आहे. पेशवे दप्तरातील राहदारीचे परवाने आणि जामीनकतबे आजवर प्रामुख्याने व्यापार व न्यायव्यवस्था यांच्या अभ्यासासाठी पाहिले गेले. फिरत्या समाजांच्या वाटा, त्यांचे नाईक आणि त्यांचे मुक्काम यांची माहिती म्हणून ते पुन्हा वाचले पाहिजेत. तीच गोष्ट वसाहतींच्या हजेरीपुस्तकांची. ती पाळतीसाठी लिहिली गेली. त्यांतील प्रत्येक नावापुढे एका माणसाचे हरपलेले स्वातंत्र्य आहे. परंतु त्यांत नाव आहे, बापाचे नाव आहे, जमात आहे, तारीख आहे आणि ठिकाण आहे. नातवाला आज नेमक्या याच पाच गोष्टींचा कागद मागितला जातो. जी पुस्तके शिल्लक असतील त्यांची सूची होऊन ती विद्यार्थ्यांना व अर्जदारांना सारखीच खुली झाली, तर आजोबाला कोंडून ठेवणारी नोंद नातवाला उपयोगी पडेल.